पहाटे चारची रेघ

लातूर,
रविवार, ११ जानेवारी १९८७

प्रिय पंचफुला,
सप्रेम जयभीम.

साबणाच्या डबीत मावणारा तीन ट्रान्झिस्टरचा रेडिओ, १९६४. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांना सुट्टी झालेली कळावी म्हणून ट्रॅक्टरच्या बॅटरीवर वाजणारा भोंगा. वीस अंडी उबवायची पेटी. सतरा पिल्लं निघाली, उरलेली तीन अंडी मुळातच पोकळ होती, त्यात पेटीचा दोष नाही. वीज गेली की आपोआप लागणारे दिवे, सहा. सिंधूच्या शिलाई मशीनला बसवलेली मोटर. नव्या जिल्ह्याच्या कलेक्टर कचेरीतला मुख्य बोर्ड, ज्याची एकूण एक तार मी ओढली आणि साडेचार वर्षांत ज्याच्याबद्दल एक तक्रार आली नाही.

हे सगळं ह्या दोन हातांचं. मॅट्रिकनंतर मी कुठल्या वर्गात बसलो नाही हे तुला माहीत आहे. आणि तरी तू लिहितेस, "वसतिगृहाच्या हौदाचं झाकण न उघडता आत किती पाणी उरलं ते कळेल असं काही करता येईल का दादा? जमेल का तुला?"

त्यातलं 'जमेल का' मला लागलं.

जमेल. पाण्यावर एक हवाबंद डबा तरंगत ठेवायचा. त्याची दोरी कप्प्यांवरून वर आणून तिच्या टोकाला पेन्सिल. पेन्सिलीसमोर दूध पावडरीच्या डब्यावर गुंडाळलेला आलेखाचा कागद, आणि तो डबा गजराच्या घड्याळाच्या यंत्रावर चोवीस तासांत एक फेरा घेणार. पाणी खाली गेलं की रेघ खाली. सात दिवसांच्या सात रेघा एकाखाली एक. दर सोमवारी कागद बदलून जुना मला पाठवायचा.

पुढचं काम कॉम्प्युटरचं. हो, कॉम्प्युटर! मस्कतहून आलेल्या एका डॉक्टरांच्या मुलाकडे बंद पडून होता. वहीएवढा आहे, रबरी बटणांचा. त्याचा वीजपुरवठा जळाला होता, तो मी नवा बांधला. पडदा म्हणून घरचा टीव्ही, आणि लिहिलेलं साठवायला टेपरेकॉर्डर. पहिला कार्यक्रम मी सिंधूच्या लग्नगीतांच्या कॅसेटवर साठवला. शेजारच्या बारशात तिनं ती कॅसेट लावली आणि पाळण्यापाशी गाण्याऐवजी कार्यक्रमाची नुसती किंचाळी ऐकू आली. चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पण तुझ्या कागदावरचे आकडे घातले की पाणी कुठल्या तारखेला संपेल ते हा पडद्यावर दाखवील.

हौदाचं आतलं माप दोरीनं घेऊन कळव. वितीनं नको.

आणि पत्त्यात अजून 'जि. उस्मानाबाद' लिहितेस. लातूर जिल्हा झाला बाई! तुझी पत्रं उस्मानाबादेला मुक्काम करून येतात.

तुझा दादा,
निवृत्ती


किनवट,
१७ जानेवारी १९८७

दादा,
जयभीम.

बरं बाबा, 'जमेल का' मागं घेतलं. पोकळ अंडी वाचून माझ्या वसतिगृहातल्या मुली इतक्या हसल्या की जेवणाची घंटा कुणाला ऐकू आली नाही.

हौद आतून पाच मीटर लांब, चार मीटर रुंद, दोन मीटर चाळीस खोल. दोरीनं मापला. सरजाबाई आत उतरली होती. सरजाबाई म्हणजे आमची स्वयंपाकीण, राखणदार, सगळंच. हौदाच्या कुलपाची चावी तिच्या कमरेला असते. दोरी धरून खालून ओरडली, "लिव्हा बाई, पाच! आन् तुमच्या भावाला म्हनावं, पानी पाठवा, माप काय पेता येतंय व्हय?"

विहीर आटली. दोन फेब्रुवारीला टँकरनं हौद काठोकाठ भरून मिळणार, आणि पावसाळ्यापर्यंत तेवढंच. नांदेडला आमच्या संस्थेचे सचिव आहेत, व्यंकटराव, त्यांनी लेखी कळवलंय की हौद संपला की वसतिगृह बंद करून मुली घरी पाठवायच्या.

मला फक्त परीक्षेपर्यंत न्यायचंय दादा. दहावीच्या सोळा मुली, ५ ते १८ मार्च. गेल्या वर्षी पाच जणी आजारी पडून फेब्रुवारीत घरी गेल्या. एप्रिलमध्ये त्यातल्या तिघींच्या लग्नपत्रिका आल्या. घरी गेलेली मुलगी परत येत नाही, हे मी अकरा वर्षं पाहून राहिले.

मुली चौसष्ट. माणशी बारा लिटर ठरवलंय, आणि स्वयंपाकाला दिवसाला दोनशे बत्तीस. पुरेल का, ते तुझ्या मस्कतवाल्याला विचार.

वहिनींना सांग, कॅसेट मी नवी पाठवते.

तुझी,
पंचफुला


किनवट,
१० फेब्रुवारी १९८७

दादा,
जयभीम.

तू यंत्र बसवून गेलास त्याला आठ दिवस झाले. पहिला कागद सोबत आहे. घडी घालू नकोस म्हणाला होतास, म्हणून लाटण्याला गुंडाळून पाठवलाय. लाटणं परत पाठव, सरजाबाई विचारते.

मुली रोज येऊन पेन्सिल बघतात. सातवीतली शिवकांता म्हणते, "बाई, आपण तोंड धुतलं की रेघ खाली सरते, म्हणजे कागदावर आपलं तोंड धुणंच लिहिलंय की!" तू असतास तर तिला पेढा दिला असतास.

उत्तर लवकर लिही. तारीख काय निघते त्याच्याकडे माझं सगळं लक्ष आहे.

पंचफुला


लातूर,
शनिवार, १४ फेब्रुवारी १९८७

प्रिय पंचफुला,
सप्रेम जयभीम.

कागद मिळाला. लाटणं वेगळ्या पार्सलनं पाठवलं आहे.

आधी चांगलं सांगतो. तुमच्या हौदातलं पाणी एक सेंटिमीटर उतरलं म्हणजे दोनशे लिटर गेलं. माझ्या कप्प्या पाचास एक आहेत, म्हणून कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे हजार लिटर. दिवसभराचा खर्च रोज एक सेंटिमीटर, केसभर इकडं नाही की तिकडं नाही. चौसष्ट गुणिले बारा, अधिक दोनशे बत्तीस, बरोबर हजार. तुझी शिस्त पाहून मला अभिमान वाटला. ह्या हिशेबानं अठ्ठेचाळीस हजार लिटर अठ्ठेचाळीस दिवस, म्हणजे २२ मार्चपर्यंत पुरतं.

पण पुरणार नाही. कारण पहाटे चार ते साडेचारच्या मध्ये रेघ आणखी एकदा उतरते. सातही दिवस, त्याच जागी. भिंग लावून मोजली, एक पूर्णांक चार दशांश मिलिमीटर. म्हणजे रोज एकशे चाळीस-पंचेचाळीस लिटर. तुमची उठायची घंटा पाचला. मग चार वाजता पाणी कोण काढतं?

कॉम्प्युटरला हा खर्च धरून पुन्हा विचारलं. पडद्यावर १६ मार्च आलं. तुझ्या मुलींचे शेवटचे दोन पेपर १७ आणि १८ ला आहेत.

चावी सरजाबाईच्या कमरेला असते, हे तूच लिहिलंस. ह्या दिवसांत गावात पाण्याची घागर विकली जाते. बाई बोलायला गोड आहे, मी तिच्या हातची भाकरी खाल्ली आहे, पण माझी रेघ कुणाची भाकरी खात नाही. तिला सरळ विचार. आणि उत्तर उलट टपालानं दे.

निवृत्ती


किनवट,
१७ फेब्रुवारी १९८७

दादा,

सरजाबाई चोर नाही. पाणी कुठं जातं ते मला माहीत आहे. वाया जात नाही, विकलं जात नाही. पण ते लिहिण्यासारखं नाही, आणि तुला तर नाहीच. तू मोठा भाऊ आहेस.

थंडीनं पेन्सिल घसरली असेल असं समज आणि तेवढा आकडा सोडून दे. तारखेचं मी बघते. कागद मात्र कुणाला दाखवू नकोस. एवढं ऐक.

शाळा तपासणीला माणसं आली आहेत, घाईत लिहितेय.

पंचफुला


लातूर,
शुक्रवार, २० फेब्रुवारी १९८७

प्रिय पंचफुला,
सप्रेम जयभीम.

सहा दिवस झाले, तुझा जवाब नाही. दुसरा कागद मात्र मुलींनी वेळेवर पाठवला. त्यातही चारची रेघ आहे.

तू गप्प आहेस ह्याचा अर्थ मला कळतो. अकरा वर्षांची सोबतीण, तिला तोंडावर कसं विचारायचं, ह्या भिडेत तू पडली असशील. उद्या हौद १६ तारखेला आटला तर बोट तुझ्याकडं दाखवतील. म्हणून ते काम मी केलं. दोन्ही कागदांच्या नकला, भिंगाखाली घेतलेली मापं आणि तीन पानांचं टिपण काल नांदेडला व्यंकटरावांच्या नावे रजिस्टर केलं. कुणाचं नाव लिहिलं नाही. 'चावी ज्यांच्याकडे असते त्यांना विचारावं', एवढंच लिहिलं.

टिपण असं झालं आहे की इंजिनिअरनंही चूक काढून दाखवावी. तू आता निश्चिंत राहा.

तुझा दादा,
निवृत्ती


किनवट,
२३ फेब्रुवारी १९८७

दादा,

तुझं पत्र आणि नांदेडचा माणूस एकाच दिवशी आले. माझं १७ तारखेचं पत्र तुला मिळालं नाही हे उघड आहे. घाईत मी पुन्हा जिल्हा उस्मानाबाद लिहिलं असणार.

सचिवांचा कारकून मारोती आला होता. त्यानं सरजाबाईला अंगणात सगळ्यांदेखत विचारलं, "पहाटे चारला कुलूप कोण उघडतं?" ती म्हणाली, "हाव, म्याच उघडते." "पाणी कुठं नेता?" ह्यावर तिनं पदर खोचला. पुन्हा विचारलं, तर म्हणाली, "म्याच नेते. काय लिव्हायचं ते लिव्हा." तिनं कमरेची चावी काढली, माझ्या हातात दिली आणि गाठोडं घेऊन गेली. जाताना माझ्या कानाशी म्हणाली, "पोरींचं नाव न्हाई निघालं पायजे बाई."

हे मी वहिनींना लिहिणार होते. पण वहिनींची पत्रं तूच त्यांना वाचून दाखवतोस. म्हणजे फिरून तुझ्याच डोळ्यांखाली यायचं. मग सरळच लिहिते.

चौसष्ट मुलींत पंचेचाळीस जणींना महिन्याची पाळी येते. कुठल्याही दिवशी त्यातल्या सात-आठ जणी अडचणीत असतात. त्यांना अंग धुवायला आणि कापडं धुवायला बारा लिटरात होत नाही. दिवसा सगळ्यांसमोर जादा पाणी घ्यायची त्यांना लाज वाटते. म्हणून घंटेच्या आधी तासभर सरजाबाई कंदील घेऊन हौदापाशी उभी राहते. एकेकीला एक बादली. कोण आली ते बघत नाही, नाव विचारत नाही. अकरा वर्षं असंच चालू आहे. चोरी म्हणतोस ती ही.

तुझी रेघ खोटं बोलली नाही. तू हिशेबात चौसष्ट माणसं धरलीस. त्या मुली आहेत हे कुठं धरलंस? पण तुला एकट्याला कशी बोलू? बारा लिटरचा आकडा तुला मीच दिला होता. बाई असून मीही ते धरलं नव्हतं. आणि नंतर तुला लिहायची वेळ आली तेव्हा पेन्सिलीवर ढकललं.

आता सरजाबाई घरी आहे. मी चारला उठून कुलूप उघडते, पण मला पाहून दोघी-तिघी परत फिरल्या. आणि १६ मार्च जिथल्या तिथं आहे.

तूच बांधलंस, आता तूच सोडव.

पंचफुला


नांदेड, रेल्वे स्टेशन,
२७ फेब्रुवारी १९८७

प्रिय पंचफुला,
सप्रेम जयभीम.

हे पत्र मारोतीच्या हाती देतो आहे. तो उद्या सकाळच्या पॅसेंजरनं किनवटला येईल. सोबत सरजाबाईला कामावर परत घेतल्याचा हुकूम आहे, सहीशिक्क्यासह. आधी तो तिला दे, मग पुढचं वाच.

तुझं पत्र काल दुपारी आलं. मी वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं. सिंधूनं विचारलं, "काय लिहिलंय?" पहिल्यांदाच मी तिला पत्र वाचून न दाखवता नुसतं सांगितलं, तेही खाली बघत. ती म्हणाली, "तो कागद मला पहिल्याच दिवशी दाखवला असता तर चूल पेटायच्या आत सांगितलं असतं. पंधरा दिवस भिंग घेऊन बसलात तेव्हा घरात एक बाई आहे हे दिसलं नाही?" मग पोळी वाढली.

आज अकराला व्यंकटरावांच्या टेबलासमोर उभा राहिलो. त्यांच्यापुढं माझं टिपण होतं, ठिकठिकाणी लाल पेन्सिलीनं 'उत्तम' लिहिलेलं. खरं कारण मी त्यांना सांगू शकलो नाही, आणि सांगायला नकोच होतं. त्या खोलीत चार पुरुष होते, पाचवा मी. म्हणून तू १७ तारखेच्या पत्रात लिहिलेलं कारण मी दिलं. (ते पत्र सव्वीसलाच आलं, दुसऱ्या पत्राबरोबर. उस्मानाबादचा शिक्का आहे.) म्हणालो, "साहेब, माझं यंत्र सदोष आहे. पहाटेच्या थंडीत घड्याळाची कमान आखडते आणि पेन्सिल घसरते. चारची रेघ खोटी आहे. बाई निर्दोष आहे. हे मी लिहून देतो." आणि लिहून दिलं. खाली सही केली.

त्यांनी टिपण बाजूला सारलं आणि म्हणाले, "शेवटी घरगुती वस्तूच ती." कारकून मंडळी हसली. कमान मी दोनदा तापवून, पाणी देऊन कडक केलेली आहे पंचफुला, ती बर्फातही आखडणार नाही. पण मीही त्यांच्याबरोबर हसलो.

यंत्र काढून टाका असंही ते म्हणाले. पुढच्या खेपेला नेतो म्हणालो. पुढची खेप परीक्षेनंतर आहे.

आता पाण्याचं. उद्या संध्याकाळपर्यंत सव्वीस दिवसांचे २९,७४४ लिटर जातील. उरतील १८,२५६. १ मार्चपासून १८ मार्चपर्यंत अठरा दिवस. वहीत पहिली ओळ अशी लिही: आठ बादल्या, बादली अठरा लिटरची, एकशे चव्वेचाळीस. ह्या ओळीला हात लावायचा नाही. उरलेल्यातून माणशी बारा नाही, दहा लिटर. स्वयंपाकाला दोनशे सोळा. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना वापरा. बेरीज हजार. तूट सगळ्यांच्या वाट्याला का आली ते मुलींना तू समजावून सांग, ते मला जमणार नाही. 'जमणार नाही' हे मी स्वतः लिहितो आहे, बघ.

हौदाशेजारी आडोशाला चार पत्रे आणि बल्ल्या मारोतीच्या गाडीनंच पाठवतो आहे. दाराला आतून कडी आहे. पहाटे चारला उठायची गरज पडू नये, दिवसा कधीही जाता यावं.

सरजाबाईंना माझा जयभीम सांग. मी येऊन पाया पडेन.

तुझा दादा,
निवृत्ती


किनवट,
२० मार्च १९८७

दादा,
जयभीम.

सोळाच्या सोळा जणींनी शेवटचा पेपर दिला. १८ ला संध्याकाळी पेन्सिल कागदाच्या तळाशी पाव सेंटिमीटरवर होती, म्हणजे अडीचशे लिटर उरले. तू म्हणाला होतास दोनशे छप्पन्न. सहा लिटर कुठं गेले ते मी शोधणार नाही, आणि तूही शोधू नकोस!

१ मार्चला मी मुलींना एकत्र बसवलं. लाजतच सुरुवात केली. पण पहिली ओळ फळ्यावर लिहिली तेव्हा दहावीची नीलम्मा उठून म्हणाली, "बाई, आठ नका लिहू, नऊ लिहा, परीक्षेच्या ताणानं कुणाची लवकर येते." सगळ्या हसल्या, आणि नववी बादली आपापल्या वाट्यातून काढायचं ठरलं. मग दहा लिटरला कुणी हूं की चूं केलं नाही. पहिले दोन दिवस आडोशात कुणी गेलं नाही, तिसऱ्या दिवशी बाहेर रांग लागली.

सरजाबाई हुकूम घेऊन आली तेव्हा कागद उलटाच धरून बघत होती. मी वाचून दाखवला. तुझं यंत्र बिघडलेलं ठरलं हे कळल्यावर म्हणाली, "लई गुणाचं हाय ते मशीन. बिघडायचं कवा ते बरूबर कळतंय त्याला." पाया पडायला येशील तेव्हा जेवायला थांब म्हणते. भाकरी चुलीवरची, आणि टोमणे फुकट.

काल मुली घरी गेल्या. दहावीच्या सोळा जणींपैकी अकरा जणींच्या बापांकडून मी लिहून घेतलंय की निकाल लागेपर्यंत पोरीचं कुठं ठरवायचं नाही. उरलेल्या पाच जणांकडे मी स्वतः जाणार आहे.

एक राहिलं. मारोती मला म्हणाला, "तुमच्या भावाला साहेबांनी मोठं काम देऊ केलं होतं, त्यांनी नको म्हटलं." हे तू नांदेडच्या पत्रात लिहिलं नाहीस. काय काम होतं? किती मोठं? माझ्यापासून लपवलंस, म्हणजे मोठंच असणार. सगळं लिही.

पंचफुला


लातूर,
बुधवार, २५ मार्च १९८७

प्रिय पंचफुला,
सप्रेम जयभीम.

सोळाही जणींनी पेपर दिले हे वाचून सिंधूनं शिरा केला. इकडं आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. पण कॉम्प्युटर आता तीन सुरांत वाजतो, आणि रविवारी सकाळी मालिकेपायी टीव्ही गल्लीचा असतो, बाकी वेळ माझा. बरं चाललं आहे.

सहा लिटर पेन्सिलीच्या टोकाच्या जाडीत गेले. शोधावे लागले नाहीत.

नांदेडचं तू विचारलंस. मी लपवलं, कारण लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, माझ्यामुळं दादाचं नुकसान झालं. तसं काही नाही. मी आत गेलो तेव्हा तोंड उघडायच्या आधी व्यंकटराव उठून उभे राहिले. कचेरीत माझ्यासाठी आजवर कुणी उठलं नव्हतं. म्हणाले, "निवृत्तीराव, या. संस्थेची नऊ वसतिगृहं आहेत. प्रत्येक हौदावर असं यंत्र पाहिजे. दर सोमवारी नऊ कागद ह्या टेबलावर आले पाहिजेत. पहाटे कुठं कुठं पाणी जातं ते मला बघायचं आहे." कराराचा कागद टाइप करून तयार होता. त्यावर माझ्या नावाआधी 'श्री.' आणि नावापुढं 'यंत्रकार' असं छापलं होतं. तो शब्द मी दोनदा वाचला.

मी विचारलं, "नवांत मुलींची किती?" म्हणाले, "सहा."

दर सोमवारी सहा कागद, त्या टेबलावर, त्या चार पुरुषांसमोर, लाल पेन्सिलीखाली. तिथं कुठंतरी दुसरी सरजाबाई असेल, आणि तिच्या अधीक्षिकेला वायरमन भाऊ नसेल.

तेव्हा मी करार उलटा करून ठेवला, आणि यंत्र सदोष आहे असं सांगितलं.

नऊ यंत्रं, प्रत्येकी दीड हजार, अर्धी रक्कम त्याच दिवशी रोख. मी नको म्हणालो. तेरा हजार पाचशे रुपये.

तुझा दादा,
निवृत्ती